कळलावीतलं औषध
पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी तुम्ही पाहिली असेलच. तिच्या कंदाने प्रसूतीच्या कळा सुरू होतात या समजुतीवरून हे नाव. भांडण लावणाऱ्यालाही आपण कळलाव्या म्हणतो! गंमत मला वाटते ती ही, की तिच्यातलं कोल्चिसीन हे अल्कलॉइड भांडण थांबवतं. गाऊटमध्ये युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचतात, पांढऱ्या पेशी तिथे धावतात आणि पायाचा अंगठा सुजून ठणकतो. कोल्चिसीन पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं, तिचा आतला सांगाडा नीट उभा राहत नाही आणि धाव मंदावते. युरिक ॲसिड काही त्याने उतरत नाही, त्याची गोळी वेगळी. २०२३ मध्ये अमेरिकेत हृदयविकाराचा धोका कमी करायलाही रोज ०.५ मिलिग्रॅमला मंजुरी मिळाली. पण कंद घरी उगाळू नका. त्यात कोल्चिसीन किती, ते बघून कळत नाही, आणि जास्त झालं तर जुलाब-उलट्यांवरून गोष्ट मृत्यूपर्यंत जाते.