टॉमी डग्लस : एका पुढाऱ्याचा हिशेब

पुढारी मोजावा कशाने, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही. सभेची गर्दी, गळ्यातील हार आणि निवडणुकीतील मताधिक्य एवढी मोजदाद झाली, की आपले काम संपले असे आपण समजतो. आम्ही कामगार-संघटनेत तीस वर्षे काढली. हार आमच्याही गळ्यात पडले. शाळा नववीला सुटली. पुढे जे काही वाचन घडले ते पाळी संपल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या दिव्याखाली. तेव्हा विद्वत्तेचा आव आणून बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु एका परदेशी पुढाऱ्याच्या आठवणी वाचताना ह्या प्रश्नाचे एक उत्तर आम्हाला सापडले, ते ह्या वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे ठेवावे असे वाटले.

ह्या वाचनाला निमित्त घडले ते असे. एका कारखान्यात आम्ही मोठा करार केला. पगारवाढ चांगली मिळाली, आणि कायम कामगारांच्या कुटुंबांना दवाखान्याचा खर्चही मिळाला. गुलाल उधळला गेला. पुढच्याच महिन्यात एका कंत्राटी पोराचा हात प्रेसमध्ये सापडला. ठेकेदाराने त्याचे नाव राज्य विमा योजनेत नोंदवलेच नव्हते, आणि आमच्या करारात तर तो कोठेच नव्हता. गेटसभेत त्याच्या सोबत्याने आम्हाला विचारले, “भाऊ, त्याचा हात कराराच्या बाहेरचा होता का?” आम्ही त्या दिवशी काही तरी बोललो; पण उत्तर दिले नाही. कारण ते आमच्यापाशी नव्हते.

आता त्या पुढाऱ्याची ओळख करून देतो. थॉमस क्लेमंट डग्लस, लोकांच्या तोंडी टॉमी डग्लस. जन्म १९०४ साली स्कॉटलंडमध्ये, मृत्यू १९८६ साली कॅनडात. १९५८ साली त्यांच्या दीर्घ मुलाखती घेण्यात आल्या, आणि १९८२ साली त्या आठवणी पुस्तकरूपाने निघाल्या. कॅनडाच्या सीबीसी ह्या सार्वजनिक दूरचित्रवाणी संस्थेने २००४ साली प्रेक्षकांना विचारले, की आपल्या देशातील सर्वांत थोर माणूस कोण. तेव्हा पहिली पसंती मिळाली ती ह्या माणसाला. गंमत अशी, की हा माणूस देशाचा पंतप्रधान कधीच झाला नाही.

त्यांच्या राजकारणाचे मूळ एका दुखऱ्या गुडघ्यात आहे. वडील लोखंडाच्या ओतशाळेत साचे करणारे कामगार. लहानपणी गुडघ्याला इजा झाली आणि हाडात पू धरला. कुटुंब कॅनडातील विनिपेग शहरी येऊन राहिले, तेथे दुखणे पुन्हा उलटले आणि डॉक्टरांनी पाय कापण्याचा सल्ला दिला. चांगला सर्जन परवडण्याची ऐपत नव्हती. योगायोगाने एका नामांकित सर्जनच्या नजरेस तो मुलगा पडला, आणि विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू देण्याच्या अटीवर त्याने फी न घेता पाय वाचवला. उपकार झाले खरे. परंतु डग्लस ह्यांनी ह्या उपकारातून काढलेला अर्थ निराळा आहे. श्रीमंताच्या मुलाचा पाय हक्काने वाचला असता, आपला वाचला तो निव्वळ नशिबाने. आणि माणसाचे हातपाय नशिबावर सोडणारी व्यवस्था बदलली पाहिजे, असे ते जन्मभर सांगत राहिले. ज्याच्यावर उपकार होतो तो बहुधा उपकारकर्त्याच्या तसबिरीला हार घालून थांबतो. डग्लस थांबले नाहीत.

१९१९ साली विनिपेगमध्ये साऱ्या शहराचा सार्वत्रिक संप झाला. २१ जूनला घोडेस्वार पोलिसांनी जमावावर गोळ्या चालवल्या आणि दोघांचे प्राण गेले. चौदा वर्षांचे डग्लस एका इमारतीच्या छतावरून ते पाहत होते. पुढे त्यांनी छापखान्यात काम केले, मुष्टियुद्धात मॅनिटोबा प्रांताचे अजिंक्यपद दोनदा मिळवले, आणि मग धर्मशिक्षण घेऊन सस्कॅचेवान प्रांतातील वेबर्न ह्या गावी ते बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाले. साल १९३०. गव्हाच्या त्या मुलुखावर मंदी आणि अवर्षण एकदमच कोसळले होते. १९३१ साली जवळच्या एस्तेवान येथे कोळसा-खाणकामगारांच्या मोर्चावर गोळीबार होऊन तीन कामगार मेले. त्या संपकऱ्यांसाठी डग्लस ह्यांनी अन्न गोळा केले.

त्याच वर्षी ते शिकागोला अभ्यासासाठी गेले होते. तेथे त्यांना बेकारांच्या झोपड्या दिसल्या, आणि समाजवादावर पोथ्यांतील वचने फेकत क्रांतीची वाट पाहत बसलेले विद्वानही भेटले. समोर उपाशी माणूस असताना त्याच्यासाठी हात न हलवणाऱ्या ह्या मंडळींचा त्यांना वीट आला. आठवणींतील हा भाग आम्हाला फार बोचला. आमच्याही चळवळीत ठराव उत्तम होतात. मग ठरावाखाली सह्या करून आपण घरी जातो.

१९३५ साली लोकसभेची निवडणूक लढवावी की नाही, ह्या विचारात ते होते. तेव्हा धर्मसंस्थेच्या एका अधिकाऱ्याने बजावले, की उभे राहाल तर पुन्हा कोणतेही चर्च मिळणार नाही. ह्या धमकीनेच त्यांचा निर्णय पक्का केला. को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन ह्या शेतकरी-कामगारांच्या नव्या पक्षातर्फे ते निवडून आले. सभेत ते एक गोष्ट सांगत, ती मूळची क्लेरी गिलिस ह्या खाणकामगार पुढाऱ्याची. उंदरांचे एक राज्य असते, आणि ते दर वेळी सरकार निवडतात ते मांजरांचे. काळ्या मांजरांचा छळ असह्य झाला की पांढरी निवडतात, पांढऱ्यांचा झाला की काळी. एक उंदीर म्हणतो, आपण उंदरांचेच सरकार का निवडू नये? तर त्याला तुरुंगात टाकतात. लोक हसत, आणि हसता हसता विचार करू लागत. रडवून गोळा केलेली माणसे घरी गेली की विसरतात, हा आमचाही अनुभव आहे.

१९४४ साली सस्कॅचेवानच्या विधानसभेत ५२ पैकी ४७ जागा ह्या पक्षाने जिंकल्या आणि डग्लस प्रांताचे मुख्यमंत्री झाले. येथून आमचा खरा विषय सुरू होतो.

एवढे बहुमत हाती आल्यावर दुसऱ्या एखाद्या पुढाऱ्याने पहिल्याच दिवशी सर्वांना मोफत उपचार जाहीर केले असते. डग्लस ह्यांनी तसे केले नाही. प्रांत कर्जात बुडाला होता, आणि कर्जबाजारी सरकारला लोकांच्या आधी सावकाराचे ऐकावे लागते, हे ते जाणून होते. त्यांचे अर्थमंत्री क्लॅरन्स फाइन्स ह्यांनी दर वर्षी जमाखर्च शिलकीत ठेवला आणि कर्ज उतरवत आणले. १९४४ सालीच कामगार संघटनांचा कायदा झाला, आणि सरकारी नोकरांनाही संघटित होऊन वाटाघाटी करण्याचा हक्क मिळाला. आरोग्याचे खाते डग्लस ह्यांनी स्वतःकडे ठेवले. प्रथम वृद्ध पेन्शनर व निराधार माता ह्यांचे उपचार सरकारने घेतले. १९४६ साली स्विफ्ट करंट ह्या एका विभागापुरती डॉक्टरांच्या फीची विमा योजना चालवून पाहिली. १ जानेवारी १९४७ पासून साऱ्या प्रांतात रुग्णालय विमा आला. माणशी वर्षाला ५ डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त ३० डॉलर. मग रुग्णालयाचे बिल नाही. उरलेला भार सरकारी तिजोरीवर.

ह्या कामाचा आराखडा करण्यासाठी त्यांनी हेन्री सिगरिस्ट ह्या वैद्यकशास्त्राच्या इतिहासकाराला बोलावले होते. हेच सिगरिस्ट १९४४ सालीच हिंदुस्थानात भोर समितीचे सल्लागार म्हणून आले. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. समितीचा अहवाल १९४६ साली निघाला, आणि पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचाराला मुकू नये हे तत्त्व त्यातही आहे. एकच सल्लागार, एकच साल. तेथे पाच डॉलरची पावती फाटू लागली. येथेही १९४८ साली कामगारांच्या राज्य विम्याचा कायदा झाला. पण आमच्या त्या पोराचा हात त्यात नोंदला गेला नाही.

रुग्णालयाच्या खर्चाचा वाटा केंद्र सरकारने उचलण्याचा कायदा १९५७ साली झाला आणि पुढल्या वर्षी अंमलात आला. सस्कॅचेवानचा पैसा मोकळा झाला, आणि तेव्हाच, डिसेंबर १९५९ मध्ये, डग्लस ह्यांनी डॉक्टरी उपचारांच्या सार्वत्रिक विम्याची घोषणा केली. म्हणजे पंधरा वर्षे थांबून. ह्या थांबण्याला कोणी भित्रेपणा म्हणेल. आम्हीही एके काळी म्हटले असते. परंतु ह्या पंधरा वर्षांत दर वर्षी एकेक वीट बसत होती, हे विसरता कामा नये.

चुका झाल्या नाहीत असे नव्हे. सरकारने जोड्यांचा कारखाना, कातडे कमावण्याचा कारखाना, लोकरीची गिरणी काढली. ती बुडाली आणि बंद करावी लागली. त्याहून गंभीर चूक आधीची आहे. १९३३ सालच्या आपल्या प्रबंधात डग्लस ह्यांनी ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या माणसांच्या सक्तीच्या नसबंदीची तरफदारी केली होती. हा विचार क्रूर होता. पुढे आरोग्यमंत्री असताना तशाच शिफारशी समोर आल्या, तेव्हा त्यांनी त्या नाकारल्या. पुढाऱ्याचे चरित्र सांगताना असली पाने फाडून टाकण्याची आपली रीत आहे. आम्हाला ती पसंत नाही. माणूस कोठून कोठे आला, हे त्या पानांवाचून कळत नाही.

आता शेवटचा अंक. १९६१ साली न्यू डेमोक्रॅटिक पार्टी ह्या नव्या पक्षाचे राष्ट्रीय नेतृत्व घेण्यासाठी त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. विम्याचा कायदा झाला, आणि तो राबवण्याची जबाबदारी वुड्रो लॉइड ह्या त्यांच्या सहकाऱ्यावर आली. १ जुलै १९६२ रोजी योजना सुरू झाली, त्याच दिवशी प्रांतातील बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. हा संप २३ दिवस चालला. बाहेरून, विशेषतः ब्रिटनमधून, डॉक्टर आणावे लागले. अखेर तडजोड झाली, आणि योजना टिकली. पण त्याआधीच जूनमधील लोकसभेच्या निवडणुकीत खुद्द डग्लस राजधानी रिजायनामध्ये पडले होते. ज्या लोकांसाठी सतरा वर्षे झिजले, त्यांनीच पाडले. १९६४ साली लॉइड ह्यांचेही सरकार गेले. नवे मुख्यमंत्री विरोधी पक्षाचे होते. परंतु त्यांनाही विमा मोडता आला नाही. १९६६ साली केंद्राने कायदा केला, आणि १९७२ पर्यंत साऱ्या कॅनडात ती पद्धत पसरली.

पराभवाने ते गप्प बसले नाहीत. ऑक्टोबर १९७० मध्ये क्वेबेकमधील अपहरणांनंतर सरकारने युद्धकाळाचा कायदा पुकारून खटल्यावाचून धरपकड सुरू केली. सारा देश सरकारच्या बाजूने होता. लोकसभेत १९० मते बाजूने, १६ विरुद्ध. त्या १६ जणांचे पुढारी डग्लस. अपहरण करणाऱ्यांची त्यांना कणव नव्हती. भीतीच्या दिवसांत सोडलेला हक्क परत मिळवणे अवघड, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

तर पुढारी मोजावा कशाने? डग्लस ह्यांच्या जीवनावरून आम्ही समजलो ते असे, की त्याची खुर्ची रिकामी झाल्यावर, किंबहुना विरोधक तिच्यावर बसल्यावर, काय उभे राहते ते पाहावे. त्यासाठी आधी हिशेब जुळवावा लागतो, योग्य वेळ येईपर्यंत थांबावे लागते, आणि वेळ आली की मते गेली तरी मागे हटून चालत नाही.

आमच्या पुढच्या करारात कंत्राटी कामगारांच्या विमा-नोंदणीचे कलम आम्ही पगारवाढीच्या आधी घातले. कायम कामगारांपैकी कित्येकांना ते रुचले नाही. त्या साली युनियनच्या निवडणुकीत आमची मते घटली. त्या पोराची दोन बोटे काही परत आली नाहीत. कलम मात्र आहे, आणि दर महिन्याच्या सात तारखेला कोणी तरी गेटवर जाऊन ठेकेदाराची नोंदवही तपासते. ज्या महिन्यात ती तपासणे राहील, त्या महिन्यापासून ते कलम नुसते कागदावर उरेल.