पिन मुकी कां होते?

मोसम नदीच्या कांठचें मालेगांव हें यंत्रमागांचें गांव म्हणून सर्वांस परिचित आहे. मागावरील विणकराची मजुरी बहुधा विणलेल्या कापडाच्या मापावर ठरते; मापांत चूक झाली, तर ती थेट घरच्या चुलीपर्यंत पोंचते. मागाच्या फेऱ्या मोजणारें लहानसें यंत्र आर्दुइनो ऊनो या बोर्डावर थोडक्या खर्चांत बांधतां येतें. परंतु मोजणी चालू असूनही आंकडा पलीकडील यंत्राकडे पोंचेनासा झाला, कीं ‘पिन जळाली’ असा निवाडा घाईनें दिला जातो. पुष्कळदां पिन निर्दोष असते आणि दोष इतरत्र असतो.

सीरियल पद्धतींत अक्षर एकाच तारेवरून बिटामागून बिट असें जातें. तार स्वस्थ असतां ऊनोच्या पिनेवर ५ व्होल्टचा दाब असतो. अक्षराच्या आरंभीं तो शून्यावर येतो, मग ८ बिट जातात आणि शेवटीं दाब पुन्हां वर चढतो. असे एकंदर १० ठोके. ९६०० बॉडच्या वेगानें एक ठोका सुमारें १०४ मायक्रोसेकंद टिकतो. ‘बॉड’ हें नांव एमिल बोदो या फ्रेंच तारायंत्रतज्ज्ञाच्या नांवावरून पडलें आहे. दोन्ही यंत्रांचा वेग एकच नसेल, तर पलीकडे निरर्थक अक्षरें उमटतात.

प्रथम जोडणी पाहावी. एकाची टीएक्स पिन दुसऱ्याच्या आरएक्स पिनेस जोडावयाची असते, आणि दोघांचें ग्राउंडही एकत्र लागतें. हें दुसरें कलम वारंवार विसरलें जातें. ऊनोच्या ० आणि १ या पिना यूएसबीच्या मार्गाशींही जोडलेल्या असतात. म्हणून प्रोग्रॅम चढवितांना तेथील बाहेरच्या तारा काढाव्या. पलीकडे ईएसपी३२ असेल, तर त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात. त्यांस ५ व्होल्ट सरळ देऊं नयेत. १ व २ किलो-ओहमचे रोधक लावून दाब उतरवावा.

आतां पिनेची परीक्षा. तीस साधा मल्टीमीटर पुरतो. प्रोग्रॅममध्यें सीरियल सुरू करून बाहेरची तार सोडवावी आणि टीएक्स पिन व ग्राउंड यांमधील दाब मोजावा. तो ५ व्होल्टच्या जवळ असावा. नंतर इंग्रजी ‘यू’ हें अक्षर अखंड पाठवावें. त्याच्या १० ठोक्यांत शून्य आणि एक हे आळीपाळीनें येतात. त्यामुळें मीटर सुमारें २.५ व्होल्ट दाखवितो. तसें झालें, तर पिन बोलते आहे. तार पुन्हां जोडतांच दाब कोसळला, तर दोष तारेंत किंवा पलीकडे आहे. तार सोडवूनही तो शून्यच राहिला, तरच पिनेवर संशय घ्यावा. तेव्हांही बोर्ड फेंकण्याचें कारण नाहीं; सॉफ्टवेअरसीरियल या लायब्ररीनें दुसऱ्या पिनेकडून तेंच काम घेतां येतें.

ऊनोमध्यें वीज गेल्यावरही टिकणारी १,०२४ बाइटांची स्मृति असते. ठराविक अंतरानें आंकडा तींत नोंदवून ठेवावा, म्हणजे दुरुस्ती चालली असतां विणकराचें माप बुडत नाहीं.