आधी चंबू, मग भट्टी

लोह आणि प्लॅटिनम यांचे अणू जवळजवळ निम्मे-निम्मे असलेल्या मिश्रधातूचे कण अवघ्या काही नॅनोमीटरचे, म्हणजे मीटरच्या काही अब्जांशाइतके, आणि तेही सारख्या मापाचे करण्याची जी रीत आयबीएममधील शौहेंग सुन, ख्रिस्तोफर मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली, ती रसायनशास्त्राच्या दृष्टीने देखणी असली तरी तिने हाती येणारा कण उपयोगाचा चुंबक नसतो.

या रीतीत हवा वगळून तापवलेल्या चंबूत प्लॅटिनमच्या संयुगाचे क्षपण होते, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळून सुटा धातू बनतो, तर आयर्न पेंटाकार्बोनिल हा पिवळसर, अत्यंत विषारी द्रव उष्णतेने फुटून लोह मोकळे करतो. द्रावण काळे पडते. ऑलिव्ह तेलातून मिळणारे ओलेइक आम्ल आणि ओलेइल अमाइन कणांभोवती चिकटून त्यांची वाढ आवरतात व त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात.

मात्र अशा कणात दोन्ही धातूंचे अणू वाटेल तसे विखुरलेले असल्याने चुंबकत्वाला ठराविक दिशा धरून ठेवण्याची ओढ क्षीण असते आणि खोलीच्या साध्या उष्णतेनेही ती दिशा सारखी उलटते. या अवस्थेला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात. सुमारे ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला तापवल्यावर लोहाचा एक थर, प्लॅटिनमचा एक थर अशी मांडणी होते आणि ही ओढ इतकी वाढते की ३-४ नॅनोमीटरचा कणही आपली दिशा टिकवू शकतो. अडचण अशी की त्याच आचेत सेंद्रिय वेष्टन जळते, कण एकमेकांना भिडून वितळण्याआधीच सांधले जातात आणि चंबूत साधलेला सारखेपणा जातो. यावरचा सर्वांत साधा, आणि म्हणूनच सर्वांत सुबक, उपाय स्वयंपाकघरातला आहे: कण त्यांच्या वजनाच्या कित्येक पट बारीक मिठात मिसळून भाजायचे आणि मग मीठ पाण्याने धुऊन टाकायचे, कारण ८०१ अंशांपर्यंत मीठ वितळत नाही.

लेझरच्या उष्णतेने माहिती लिहिणाऱ्या आजच्या हार्ड डिस्कमध्ये हाच मिश्रधातू वापरतात, पण तो चंबूतला नसतो. निर्वात कक्षात तापलेल्या काचेच्या तबकडीवर त्याचे अणू साचवले जातात, आणि तिथे कणाकणांमधली मिठाची जागा कार्बन घेतो.