बिडाचा दांडा आणि चारशे मीटर

सोलापूर सोडून पुण्याच्या रस्त्याला लागलं की मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी लागते. इथे आणि शहराच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीचे कारखाने आहेत. यतीन शहा यांनी 1992 मध्ये ती सुरू केली. गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडत होते आणि सोलापूरच्या उद्योगाचं पुढे काय, असा प्रश्न घरोघरी विचारला जात होता, तो हा काळ. आज जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई, मारुती सुझुकी, टाटा अशा कंपन्यांच्या इंजिनांत सोलापुरात ओतलेले दांडे फिरलेले आहेत. 2016 मध्ये कंपनीने 186 रुपयांना शेअर विकून भांडवली बाजारात पाऊल टाकलं, तेव्हा ‘कॅमशाफ्ट म्हणजे नक्की काय हो?’ असं विचारणारे गुंतवणूकदार खुद्द सोलापुरातही कमी नसावेत.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचं वेळापत्रक. प्रत्येक सिलिंडरला हवा आत घेणारे आणि जळका वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. ते केव्हा उघडायचे, किती उघडायचे आणि केव्हा मिटायचे, हे या दांड्यावरचे अंडाकृती उंचवटे ठरवतात. त्या उंचवट्यांना लोब म्हणतात. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. म्हणजे टॅकोमीटरचा काटा 6000 वर असताना दांडा मिनिटाला 3000 वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडून मिटतो. एवढा मार सोसायचा तर लोब अतिशय कठीण हवा. पण सगळा दांडाच तसा कठीण झाला तर त्याला भोक पाडणं आणि घासणं मुश्किल, आणि तो ठिसूळ होऊन मोडण्याची भीती वेगळी.

यावरचा तोडगा ओतकामातच सापडतो. साच्यात जिथे लोब येणार तिथे लोखंडाचे तुकडे बसवतात. त्यांना ‘चिल’ म्हणतात. वितळलेलं बीड साच्यात गेलं की चिलला टेकलेला भाग झटकन थंड होतो. त्यातल्या कार्बनला ग्राफाइटच्या पापुद्र्यांत सुटं व्हायला वेळच मिळत नाही. तो लोखंडाशी बांधला जातो आणि तिथलं बीड पांढरं, काचेसारखं कठीण होतं. उरलेला दांडा सावकाश थंड होतो आणि करड्या, यंत्रावर सहज कापल्या जाणाऱ्या बिडाचा राहतो. एकाच ओतात, एकाच धातूपासून, दोन वेगळे स्वभाव. नंतर ग्राइंडिंग मशीनवर लोबला त्याचा नेमका उतार दिला जातो. फौंड्रीकाम सोलापूरला नवं नाही. शिवाजी वर्क्सची भट्टी इथे कैक वर्षं होती. आता किर्लोस्कर फेरसच्या नावाखाली तिथे इंजिनांचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात.

वेगवान गाडी बांधणाऱ्यांच्या जगात एके काळी या दांड्याचा मान सगळ्यात मोठा. इंजिनाला जास्त ताकद हवी तर जास्त हवा हवी, आणि हवा आत ओढायची तर व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा हवा. मग मेकॅनिक मूळ कॅमशाफ्ट काढून ‘तेज’ लोबचा दांडा बसवायचा. त्यात एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मिटायच्या आत इनटेकचा उघडतो आणि काही क्षण दोन्ही उघडे राहतात. जास्त आरपीएमला हे फायद्याचं ठरतं. मात्र सिग्नलला उभी असताना अशी गाडी खोकल्यासारखी अडखळत चालते. शौकिनांना तो आवाजही आवडायचा, हा भाग निराळा.

टर्बोने या कलेची किंमत उतरवली. कल्पना जुनीच आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. रस्त्यावरच्या मोटारींत ती 1962 मध्ये अमेरिकेत आली. सायलेन्सरकडे निघालेल्या तापलेल्या वायूच्या वाटेत एक चक्र ठेवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चक्र ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतं. छोट्या गाडीतला टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातो. आता हवा ओढून घ्यायचीच नाही, ती ढकलली जाते. मग व्हॉल्व्ह फार वेळ उघडे ठेवण्याची गरज उरत नाही. उलट दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहिले आणि टर्बोमुळे एक्झॉस्टमध्ये दाब तुंबलेला असला, तर जळका वायू माघारी सिलिंडरमध्ये शिरतो. म्हणून रस्त्यावरच्या टर्बो गाडीला सौम्य कॅमशाफ्टच मानवतो, आणि कारखान्याने दिलेला असतोही तसाच. शौकीन गाडीत वरपासून खालपर्यंत सगळं बदलतो. बिडाच्या या दांड्याला सहसा हात लावत नाही.

असा शौक करायला लागणारा कच्चा माल महाराष्ट्रातच तयार झाला. स्कोडाने संभाजीनगरजवळच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, शेंद्र्यातून 2004 मध्ये ऑक्टेव्हिया आरएस बाजारात आणली: 1.8 लिटर, टर्बो-पेट्रोल, 150 अश्वशक्ती. टर्बो म्हणजे डिझेल, असंच समीकरण असलेल्या त्या काळात हे अप्रूप होतं. फियाटने रांजणगावातून 2015 मध्ये अबार्थ पुंटो काढली. हिच्या 1.4 लिटरच्या इंजिनातून 145 अश्वशक्ती मिळायची, आणि दहा लाखांच्या आत शोरूममधून इतकी ताकद घरी नेता येईल यावर अनेकांचा विश्वास बसेना. गाडी फार खपली नाही. ज्यांनी घेतली ते अजून तिच्याबद्दल बोलायचे थांबत नाहीत.

पण या नाटकाची खरी नायिका चाकणची. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय 2013 मध्ये आली. 1.2 लिटर, 105 अश्वशक्ती, 175 न्यूटन-मीटर टॉर्क आणि सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. गंमत म्हणजे टर्बो आणि थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणी अशा आधुनिक तामझामाच्या या इंजिनात कॅमशाफ्ट मात्र एकच आणि व्हॉल्व्ह फक्त आठ. 2020 मध्ये तिची जागा तीन सिलिंडरच्या 1.0 लिटर, 110 अश्वशक्तीच्या इंजिनाने घेतली, आणि 2022 मध्ये पोलोचं उत्पादनच थांबलं. तोवर पुण्या-मुंबईपासून जिल्ह्याच्या गावांपर्यंत तिच्याभोवती गॅरेजांची एक पिढी उभी राहिली होती.

गाडी ‘बांधणं’ सुरू होतं ते पान्याने नाही, लॅपटॉपने. इंजिनाच्या संगणकात टर्बोने किती दाब द्यायचा, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी केव्हा पाडायची याचे तक्ते असतात. ते नव्याने लिहिणं म्हणजे रीमॅप. नुसत्या या ‘स्टेज वन’वर पोलोसारख्या गाडीत पंचवीस-तीस अश्वशक्ती वाढल्याचा दावा सर्रास होतो, आणि एरवी दाव्यांबद्दल संशय घ्यावा अशा या धंद्यात हा दावा बऱ्यापैकी खरा निघतो. कारण कंपनीने मुळात हात राखूनच ट्यूनिंग केलेलं असतं: भेसळीचं पेट्रोल, मे महिना, सर्व्हिसिंग चुकवणारा मालक, या सगळ्यांना पुरून उरावं म्हणून.

तो राखलेला हातच शौकीन विकत घेतो, आणि मग उरलेली जोखीम स्वतः सांभाळतो. हवा दाबली की ती तापते. टर्बोतून निघालेली हवा शंभर अंशांपलीकडे सहज जाते. तापलेल्या हवेत प्राणवायू विरळ, शिवाय ठिणगीची ज्वाळा पोचण्याआधीच पेट्रोल आपोआप भडकून इंजिन नॉक करण्याचा धोका. म्हणून ही हवा निववणारा इंटरकूलर मोठा करायचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात, बाहेरच चाळिसाच्या वर पारा असताना, इंटरकूलर थंड करणार तरी कशाने? तिथे शहाणा ट्यूनर टर्बोचा दाब थोडा उतरवून देतो. दुसरा प्रश्न पेट्रोलचा. साधं पेट्रोल कित्येक वर्षं 91 ऑक्टेनचं होतं. इंडियन ऑइलने डिसेंबर 2020 मध्ये 100 ऑक्टेनचं पेट्रोल आणलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होतं, सोलापूर नव्हतं, आणि त्याचा दर साध्याच्या जवळजवळ दुप्पट होता. पुण्यातल्या 100 ऑक्टेनवर बसवलेलं रीमॅप घेऊन गावाकडच्या साध्या पेट्रोलवर गाडी पळवली तर नॉक सेन्सर ठिणगी मागे घेतो आणि पैसे मोजून घेतलेली ताकद गुपचूप नाहीशी होते.

तिसरा प्रश्न गिअरबॉक्सचा, आणि तो खिशाला सगळ्यात जड. पोलोचा कोरड्या क्लचचा डीएसजी 250 न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला. इंजिन त्या आकड्याकडे सरकलं की क्लच आणि त्याला चालवणारं मेकाट्रॉनिक युनिट कुरकुरायला लागतं. दुरुस्तीचं बिल पाहून अनेकांचा शौक तिथेच संपला आहे.

बांधलेली गाडी पळवायची कुठे? ड्रॅग रेसिंगला लागतो फक्त सरळ पट्टा: पाव मैल, म्हणजे 402 मीटर. दोन गाड्या शेजारी उभ्या, दिवे लागले की सुटायचं. मोकळ्या धावपट्ट्यांशी या खेळाचं नातं जन्मापासूनचं. कॅलिफोर्नियात सांता आना इथे 1950 मध्ये विमानतळाच्या धावपट्टीवरच पहिली व्यावसायिक ड्रॅग स्ट्रिप सुरू झाली. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर मोटारी कित्येक दशकं पळाल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला लोणावळ्यापलीकडच्या अँबी व्हॅलीची खासगी धावपट्टी आली. तिथे ‘द व्हॅली रन’ भरते आणि साध्या हॅचबॅकपासून लॅम्बॉर्गिनीपर्यंत आणि सुपरबाइकपर्यंत सगळे एकाच रांगेत उभे राहतात. सोलापूरकरांकडे होटगी रोडची धावपट्टी होती. पण तिच्यावर विमानं तरी उतरावीत म्हणून गावाने इतकी वर्षं भांडण केलं आणि 2023 मध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली, की तिथे मोटारी पळवायचा विषय काढायची कोणाची छाती होणार?

सरळ रेषेत, सेकंदांवर, सगळ्या गावासमोर: महाराष्ट्राला हा खेळ परका नाहीच. घाटात बैलगाडा सुटतो तेव्हा हेच घडतं. तिथेही जोडी वर्षभर पोसायची आणि निकाल काही क्षणांत. बैलगाडा शर्यती 2014 पासून बंद होत्या, डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परवानगी देणाऱ्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. विजेत्या बैलाची किंमत लाखांनी वाढते. पोलोचं मात्र तसं होत नाही, पण ते पुढे.

पट्ट्यावर गेल्यावर पहिला धडा मिळतो तो टायरचा. घड्याळ दिव्यावर सुरू होत नाही. गाडीचं पुढचं चाक प्रकाशकिरणातून सुटलं की सुरू होतं. म्हणजे नोंदली जाणारी वेळ गाडीची, चालकाच्या चपळाईची नाही. गाडी झेपावताना वजन मागे सरकतं. पोलो किंवा अबार्थ पुढच्या चाकांवर चालणारी, म्हणजे नेमकी जी चाकं ओढणार त्यांच्यावरचाच भार कमी होतो. वाढवलेला टॉर्क टायरच्या धुरात जातो आणि बाजूची तीस अश्वशक्ती कमी असलेली गाडी निवांत पुढे निघून जाते. म्हणून जुने खेळाडू सांगतात, आधी टायर घे, मग रीमॅप.

हाच खेळ रात्री बायपासवर खेळणं हा गुन्हा आहे. सार्वजनिक जागी सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड 2019 मध्ये दसपटीने वाढला. तरी तो एका चांगल्या टायरच्या किमतीइतकाच आहे, हे कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

मग कधीतरी गाडी विकायची वेळ येते. लग्न ठरतं, गिअरबॉक्सचं बिल येतं, किंवा नुसतंच मन भरतं. आणि इथे कळतं की आरसी बुकाला यातलं काहीच माहीत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपासून गाडी दूर नेणारा बदल कायद्याला मान्य नाही. विम्याची कंपनी न सांगितलेल्या बदलांवर बोट ठेवून दावा नाकारू शकते. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या संगणकाला रीमॅपचा माग लागला तर गाडीच्या नोंदीत खूण पडते आणि वॉरंटी धोक्यात येते. तीन लाख घातलेली गाडी आणि अजिबात हात न लावलेली गाडी बाजारात शेजारी उभ्या केल्या तर जास्त भाव दुसरीलाच. पोलो बंद झाल्यापासून तर ‘शंभर टक्के स्टॉक’ हे शब्द जाहिरातीत सोन्याच्या भावाने वापरले जातात.

म्हणून जाणता विक्रेता गाडी आधी उलटी बांधतो. मूळ सॉफ्टवेअर परत चढतं, माळ्यावर ठेवलेला जुना इंटरकूलर खाली येतो, मोठा सायलेन्सर उतरतो. हे भाग वेगळे विकले तर त्यांचे बरे पैसे येतात. गाडीला लागलेले असताना त्यांची किंमत शून्य. घेणारा हुशार असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट मागतो, क्लचच्या झिजेचे आकडे स्कॅनरवर बघतो आणि बोल्टवरच्या पान्याच्या खुणा टॉर्च मारून तपासतो. ज्याच्याखाली कॅमशाफ्ट असतो त्या व्हॉल्व्हच्या झाकणाच्या बोल्टवर अशी खूण क्वचितच सापडते. सौदा ठरला की फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर सह्या. राज्यातल्या राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नाव लावून घ्यायचं असतं. हे न करता नुसत्या विश्वासावर चावी देणारे महाभाग असतात. नवा मालक कुठल्यातरी बायपासवर सापडला की पोलिसांचा फोन जुन्याच मालकाला येतो.