अनुराग आणि स्नेह : महदाइसेच्या निमित्ताने

अमरावती जिल्ह्यातील वर्धाकाठचे कौंडिण्यपूर हे परंपरेने रुक्मिणीचे माहेर मानले जाते. श्रीकृष्णास न पाहता, केवळ गुणश्रवणानेच तिने त्यास मनोमन वरले; साहित्यशास्त्र या अवस्थेस ‘पूर्वानुराग’ म्हणते. तेराव्या शतकात महदाइसेने ‘धवळ्यां’त हीच विवाहकथा रिद्धपुरास गाइली. तेथेच तिने गोविंदप्रभूंची सेवा केली. त्यांचे लहरी वर्तन व अकस्मात रोष सोसूनही तिची सेवा खंडित झाली नाही, हे म्हाइंभटांच्या चरित्रग्रंथावरून दिसते. हा भाव भक्तीचा असला, तरी भेद त्यातून स्पष्ट होतो. अनुराग मनातील प्रतिमेवर पोसला जातो. स्नेहास मात्र समोरची व्यक्ती तिच्या स्वभावासह स्वीकारावी लागते. म्हणूनच अनुरागाची कथा विवाहापाशी संपू शकते, स्नेहाची नाही.