चॉकलेट आणि राखणीचा कुत्रा

नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात रात्री जागलीला माणूस जातो, तेव्हा कुत्रा त्याच्या सोबत असतो. रोही किंवा रानडुक्कर पिकात शिरले, की पहिला भुंकतो तो कुत्राच. असा सोबती घरच्या गोड खाऊने मरू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता खेड्यातही लेकरांच्या वाढदिवसाला केक येतो. उरलेला तुकडा कोणीतरी कुत्र्यापुढे टाकतो. "खाऊ द्या ना, गोडच तर आहे. त्याले काय होते?" केक चॉकलेटचा असेल, तर पुष्कळ काही होते.

आपल्याकडे दुकानातल्या कोणत्याही गोळीला चॉकलेट म्हणतात. संत्र्याची गोळी म्हणजे नुसती साखर अन् रंग. खरे चॉकलेट कोकोचे असते. कोकोचे झाड केरळ, आंध्र प्रदेशाकडे नारळाच्या बागांत लावतात. त्याच्या बिया आंबवतात, वाळवतात, भाजून दळतात. त्या बियांत थिओब्रोमाइन नावाचे द्रव्य असते. घात करते ते हेच.

मग आपल्याला ते का बाधत नाही? कोवळी ज्वारी खाऊन गुराला किराळ लागते, हे आपण जाणतो. तिथे विष कोवळ्या ताटात असते, पिकल्या दाण्यात नसते. इथे तसे नाही. इथे चॉकलेट तेच, पण खाणाऱ्याचे अंग वेगळे. माणसाच्या अंगातून हे द्रव्य ७ ते १० तासांत निम्मे कमी होते. कुत्र्याला त्याच कामाला १७-१८ तास लागतात. तोवर ते त्याच्या काळजाला अन् मेंदूला छळत राहते.

रंग जितका काळा अन् चव जितकी कडू, तितका धोका मोठा. कुत्रा १५ किलोचा धरा. दुधाचे चॉकलेट सुमारे १५० ग्रॅम खाल्ले, तर त्याला त्रास सुरू होऊ शकतो. काळे कडू चॉकलेट ५०-६० ग्रॅमच पुरे. आणि केकात घालतात ती कोकोची भुकटी? १५ ग्रॅम. पिल्लाला तर चिमूटभरही देऊ नये. चहापत्तीतही याच जातीचे द्रव्य असते, म्हणून पत्तीचा डबा उघडा ठेवू नये.

त्रास लगेच दिसत नाही. बहुधा ६ ते १२ तासांनी कुत्रा ओकतो, हागवण लागते, सारखा पाणी पितो, मुततो, एका जागी बसत नाही. काळीज धडधडते, अंग थरथरते. मग झटके येतात, आणि तो मरूही शकतो.

या विषावर उतारा असे औषध नाही. पण लवकर नेले, तर डॉक्टर पोटातले बाहेर काढतात, झटके थांबवतात, सलाईन लावतात, आणि बरीच कुत्री वाचतात. म्हणून लक्षणांची वाट पाहू नये. ताक-तूप पाजत बसू नये. ओकवण्यासाठी मिठाचे पाणी तर मुळीच पाजू नये, त्यानेच जीव जाऊ शकतो. सरळ जनावरांच्या दवाखान्यात न्यावे. जाताना चॉकलेटचा कागद सोबत घ्यावा, आणि किती खाल्ले, केव्हा खाल्ले, ते डॉक्टरांना सांगावे.