डेट्रॉइट : ओसरलेले शहर, भरलेल्या गल्ल्या

'लोकसंख्या' हा शब्द कानावर पडला की मुस्लिम घरातला माणूस थोडा सावध होतो. ऑफिसात, एसटीत, टीव्हीवरच्या चर्चेत तो शब्द बहुधा आपल्याकडे बोट दाखवूनच उच्चारला जातो. 'यांची वाढते आहे' हे ऐकत आपल्या दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. म्हणून एखाद्या शहराची लोकसंख्या प्रत्यक्षात कशी वाढते, कशी घटते आणि एका समाजाने सोडलेल्या घरात दुसरा समाज कसा येऊन राहतो, हे एकदा शांतपणे पाहावे असे वाटले. त्यासाठी अमेरिकेतले डेट्रॉइट निवडले. हे शहर शंभर वर्षांत भरले, ओसरले आणि आता काही ठिकाणी पुन्हा भरू लागले आहे. या भरण्यात मुस्लिम कुटुंबांचा वाटा मोठा आहे.

आधी आकडे. १९०० साली डेट्रॉइटमध्ये २,८५,७०४ माणसे राहत होती. १९५० साली तो आकडा १८,४९,५६८ झाला. अमेरिकेतले ते त्या वेळचे पाचव्या क्रमांकाचे शहर होते. आणि २०२० साली? ६,३९,१११. म्हणजे सत्तर वर्षांत तीन माणसांपैकी जवळजवळ दोन माणसे वजा. युद्ध नाही, महामारी नाही, भूकंप नाही.

भरले ते मोटारींमुळे. ५ जानेवारी १९१४ रोजी हेन्री फोर्डच्या कंपनीने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली. आधीच्या मजुरीच्या ती दुप्पटच होती. ही बातमी पोलंडच्या खेड्यांत पोहोचली, दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या मजुरांपर्यंत पोहोचली आणि तेव्हा उस्मानी सल्तनतीत असलेल्या लेबनॉन-सीरियाच्या गावांतही पोहोचली. फोर्डचा कारखाना हायलँड पार्क या भागात होता. तिथेच १९२१ साली एक मस्जिद उभी राहिली. मस्जिद म्हणूनच बांधलेल्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या इमारतींपैकी ती एक. पण ती टिकली नाही, काही वर्षांतच बंद पडली. फोर्डचे काम शेजारच्या डिअरबॉर्न शहरातल्या रूझ नदीकाठच्या नव्या कारखान्याकडे सरकले, आणि अरब मजुरांची वस्तीही त्याच्या मागे गेली. आपल्याकडे गिरणगावाची गोष्ट आठवणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. वस्ती भोंग्याच्या आवाजात वसते.

ओसरले कसे

शहर रिकामे झाले त्याचे कारण लोक एका वाक्यात सांगतात, 'कारखाने गेले.' ते अर्धेच खरे आहे. कारखाने गेलेच, पण माणसे त्यांच्याही आधी निघाली होती, आणि निघाली ती बहुतेक गोरी माणसे होती.

१९५० साली शहरात काळे नागरिक सुमारे १६ टक्के होते. त्यांना हव्या त्या गल्लीत घर घेता येत नव्हते. बँका काळ्या वस्तीला कर्ज देत नसत, आणि काळ्या वस्तीला लागून असलेल्या गोऱ्या वस्तीलाही देताना कुरकुरत. १९४१ साली तर एका बिल्डरने आपल्या गोऱ्या गिऱ्हाइकांना सरकारी हमीचे कर्ज मिळावे म्हणून दोन वस्त्यांच्या मध्ये चक्क भिंत घातली. सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. ती भिंत आजही उभी आहे, आता तिच्यावर चित्रे रंगवलेली आहेत.

पुढे हमरस्ते झाले. त्यांतला एक काळ्यांच्या जुन्या व्यापारी पेठेवरूनच काढला गेला. त्याच हमरस्त्यांवरून गोरी कुटुंबे उपनगरांत राहायला गेली. १९६७ च्या जुलैमध्ये पाच दिवस दंगल पेटली, ४३ माणसे मेली, आणि मग जाणाऱ्यांची रीघच लागली. २०१० पर्यंत शहरात काळे नागरिक ८० टक्क्यांच्या वर होते. ते काही अचानक वाढले नव्हते, बाकीचे निघून गेले होते. टक्केवारीची ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुलै २०१३ मध्ये शहराच्या पालिकेने दिवाळे जाहीर केले. देणे होते सुमारे १८ अब्ज डॉलर. त्या काळात घरपट्टी थकलेली घरे लिलावात पाचशे डॉलरच्या बोलीपासून विकायला निघत.

डेट्रॉइटच्या मुस्लिमांविषयी बोलताना आपण लगेच परदेशातून आलेल्यांकडे वळतो. पण इथल्या काळ्या समाजातही इस्लामचे नाव जुने आहे. 'नेशन ऑफ इस्लाम' ही संघटना याच शहरात १९३० साली सुरू झाली. मॅल्कम एक्स तुरुंगातून सुटल्यावर इथेच आले आणि इथल्या पहिल्या केंद्रात काम करू लागले. त्या संघटनेच्या शिकवणीत आपल्या अकीद्याशी न जुळणारे पुष्कळ होते. १९७५ नंतर वारिस दीन मुहम्मद यांनी तिच्यातल्या बहुसंख्य लोकांना सुन्नी इस्लामकडे वळवले. ही माणसे कुठूनही 'आलेली' नाहीत, त्यांच्या कित्येक पिढ्या अमेरिकेतच गेल्या. मुस्लिम म्हणजे बाहेरचा, हे गणित डेट्रॉइटमध्ये पहिल्या पायरीवरच चुकते.

रूझच्या सावलीत

डिअरबॉर्न हे डेट्रॉइटला खेटून असलेले वेगळे शहर. १९४२ ते १९७८ अशी छत्तीस वर्षे तिथे ऑर्व्हिल हबर्ड महापौर होते. काळ्यांना गावात राहू द्यायचे नाही, हे त्यांचे उघड धोरण होते. अरब मजूर मात्र कारखान्याच्या धुराड्यांखाली, गावाच्या दक्षिण टोकाला, राहत होते. तिथे दुसरे कोणी राहायला तयार नव्हते.

मग लेबनॉनमध्ये १९७५ साली यादवी सुरू झाली. येमेनमधून कारखान्यांसाठी माणसे येतच होती. १९९१ नंतर इराकमधून निर्वासित आले. एक आला की तो भावाला बोलावतो, भाऊ मेहुण्याला. रत्नागिरी-रायगडच्या आपल्या गावांना ही साखळी पाठ आहे. एक जण कुवेतला गेला की दहा वर्षांत अर्धी वाडी तिकडे दिसते. १९८५ च्या निवडणुकीत महापौरपदाच्या एका उमेदवाराने घरोघरी पत्रक वाटले आणि त्यात 'अरब समस्या' असे शब्द छापले. तो उमेदवार निवडूनही आला.

२०२१ साली त्याच शहराने लेबनॉनहून आलेल्या आईबापांचा मुलगा, अब्दुल्ला हम्मूद, महापौर म्हणून निवडला. पालिकेजवळचा हबर्ड यांचा पुतळा त्याआधीच, २०१५ साली, तिथून हलवला गेला होता. २०२० मध्ये डिअरबॉर्नची लोकसंख्या १,०९,९७६ होती, आणि तिच्यातले निम्म्याहून अधिक, ५४.५ टक्के, पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेतल्या मुळाचे. यात लेबनॉनी व इराकी ख्रिस्तीही धरलेले आहेत, हे विसरू नये.

साडेपाच चौरस किलोमीटर

पण मला सर्वांत जास्त सांगावेसे वाटते ते हॅमट्रॅमिकविषयी. डेट्रॉइटच्या पोटात असलेले हे छोटे गाव. पालिका वेगळी, क्षेत्रफळ साडेपाच चौरस किलोमीटरच्या आत. १९३० साली इथे ५६,२६८ माणसे राहत होती, बहुतेक पोलंडहून आलेली कॅथलिक. मोठा डॉज कारखाना हे त्यांचे पोट. पोप जॉन पॉल दुसरे हे स्वतः पोलिश. १९८७ साली ते या गावाला भेट देऊन गेले.

तोवर गावाची कळा उतरली होती. डॉजचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. दुसऱ्याच वर्षी नव्या मोटार कारखान्यासाठी डेट्रॉइट आणि हॅमट्रॅमिकच्या हद्दीवरची पोलटाऊन नावाची वस्ती पाडली. सुमारे चार हजार माणसे उठली, त्यांचे चर्चही पाडले गेले. १९९० साली गावात १८,३७२ माणसे उरली. म्हातारे मागे राहिले, मुले उपनगरांत गेली.

त्या रिकाम्या घरांत कोण आले? बोस्निया फुटल्यावर तिथले निर्वासित आले, येमेनी आले, आणि १९९० च्या दशकात न्यूयॉर्कहून बांगलादेशी कुटुंबे येऊ लागली. ही माणसे बहुतेक सिलहटकडची. न्यूयॉर्कमध्ये एका खोलीचे भाडे भरता भरता पगार संपायचा. इथे तेवढ्याच पैशात पूर्ण घर, मागे परसू, आणि मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत काम. कोनंट अव्हेन्यू या रस्त्याला २००८ साली 'बांगलादेश अव्हेन्यू' असे मानाचे नाव मिळाले. त्या भागात उन्हाळ्यात घरामागे मांडव घातलेले दिसतात आणि त्यांवर दुधी लोंबत असतात. २०१० मध्ये गावात २२,४२३ माणसे होती, २०२० मध्ये २८,४३३. डेट्रॉइट शहर त्याच दहा वर्षांत घटत होते, आणि त्याच्या पोटातले हे गाव सव्वापट झाले.

कोणी म्हणेल, मुले जास्त झाली. मुले आहेतच. पण आधी घर रिकामे होते, भाडे परवडत होते, आणि पायी जाण्याच्या अंतरावर मस्जिद होती. या तीन गोष्टी जुळल्या नसत्या तर ती मुले इथे जन्मलीच नसती.

आता २००४ ची गोष्ट. बांगलादेशी लोकांच्या अल-इस्लाह मस्जिदीने लाउडस्पीकरवर अजान देण्याची परवानगी मागितली. गाव ढवळून निघाले. पुष्कळ जुन्या रहिवाशांना ते रुचले नाही. पालिकेच्या सभेत मात्र ठराव एकमताने झाला, आणि तेव्हा त्या सभेत मुस्लिम सदस्य एकच होता. विरोधकांनी सह्या गोळा करून प्रश्न मतदानाला नेला. जुलैमध्ये मतदान झाले आणि काहीशे मतांनी अजान राहिली. नियमात अजान आणि चर्चच्या घंटा यांचा उल्लेख एकाच वाक्यात आहे. वेळ सकाळी सहा ते रात्री दहा. उन्हाळ्यातली फजर त्यामुळे लाउडस्पीकरवर येत नाही, आणि चालते.

मुस्लिम मते एकटी तेव्हा पुरेशी नव्हती. चर्चला जाणाऱ्या कित्येकांनी अजानच्या बाजूने शिक्का मारला, म्हणून ती राहिली. मला हे या सगळ्या कहाणीतले सर्वांत मोलाचे वाटते.

पुढे पारडे फिरले. २०१५ मध्ये पालिकेत मुस्लिम सदस्य बहुमतात आले. २०२१ मध्ये पोलिश वंशाच्या कॅरेन मायेव्स्की यांचा पराभव करून येमेनमध्ये जन्मलेले अमेर ग़ालिब महापौर झाले, आणि सभेतले सगळे सदस्य मुस्लिम झाले. जगभरच्या वृत्तपत्रांत ती बातमी झळकली. जानेवारी २०२३ मध्ये घरच्या आवारात कुर्बानीला परवानगी मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये पालिकेच्या जागेवर समलिंगी हक्कांचा झेंडा, तसेच कोणत्याही धार्मिक, वांशिक वा राजकीय गटाचा झेंडा लावायचा नाही, असा ठराव झाला. अजानच्या वेळी मुस्लिमांच्या बाजूने उभे राहिलेल्या काही जुन्या रहिवाशांना तो फार लागला. 'आम्ही तुमच्यासाठी दार उघडले, तुम्ही आमच्यासाठी लावले,' अशा अर्थाचे बोलणे झाले.

या प्रश्नावर आपल्या वाचकांची मते काय असतील, हे मी ओळखू शकतो, आणि दीनच्या बाबतीत कोणी माघार घ्यावी असे माझे म्हणणे नाही. पण अल्पसंख्य म्हणून आपण जे मागतो, ते बहुसंख्य झाल्यावर दुसऱ्याला देताना आपला हात कसा चालतो, ही परीक्षा त्या साडेपाच चौरस किलोमीटरमध्ये रोज चालू आहे. तिथले पोलिश आता मोजकेच आहेत. ख्रिस्ती उपवासांच्या आधीच्या मंगळवारी मात्र त्यांच्या बेकऱ्यांपुढे पहाटेपासून रांग लागते, जॅम भरून तळलेल्या पोंच्की घ्यायला. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडला लागते तशी.

मोजणार कोण, आणि काय

आणखी एक गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटेल. अमेरिकेच्या जनगणनेत धर्म विचारलाच जात नाही. उत्तर देण्याची सक्ती करता येणार नाही, असा कायदाच आहे. तेव्हा डेट्रॉइट परिसरात मुस्लिम किती, याचा सरकारी आकडा नाही. बांगलादेशी माणूस 'आशियाई' म्हणून मोजला जातो, काळा मुस्लिम 'काळा' म्हणून, आणि येमेनी किंवा लेबनॉनी माणूस कित्येक वर्षे 'गोरा' म्हणून. डिअरबॉर्नमध्ये ज्याच्या नावाने 'समस्या' म्हणून पत्रक निघाले, तो कागदावर गोराच होता! २०२० मध्ये पहिल्यांदा मूळ देश लिहायला जागा दिली, म्हणून तो ५४.५ टक्क्यांचा आकडा कळला. पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेसाठी वेगळा रकाना सरकारने मार्च २०२४ मध्ये मंजूर केला.

डेट्रॉइट शहरातून काळी कुटुंबे अजूनही जात आहेत. २०१० ते २०२० या दहा वर्षांत त्यांची संख्या नव्वद हजारांहून अधिक कमी झाली. चांगल्या शाळांसाठी, मोटारविम्याचा हप्ता कमी व्हावा म्हणून, तीही आता उपनगरांत जातात. नैऋत्येला मेक्सिकन वस्ती वाढते आहे, आणि शहराच्या मध्यभागी पगारदार तरुण महागड्या फ्लॅटमध्ये राहायला येत आहेत.

२०२४ च्या मे महिन्यात जनगणना खात्याने सांगितले की वर्षभरात शहराची लोकसंख्या १,८५२ ने वाढली. १९५७ नंतर पहिल्यांदाच. त्यापुढच्या वर्षीच्या अंदाजात आणखी ६,७९१ माणसे वाढली आणि आकडा ६,४५,७०५ झाला. पालिकेने तो आनंदाने जाहीर केला. कोनंट अव्हेन्यूच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत घर घेतलेली सिलहटची कुटुंबेही त्यातच आहेत.